चाकांवरचें बिऱ्हाड

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण ज्याला स्थिर ठावठिकाणा नाहीं अशा माणसाला उद्देशून वापरतात, आणि तींत थोडी कींवही असते. जर्मनींतील तरुण कुटुंबांना मात्र असें बिऱ्हाड घेऊन हिंडण्याची मोठी हौस वाटते. घरांत पहिलें मूल जन्मास आलें, कीं रात्रीं रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालणाऱ्या बापाच्या डोळ्यांपुढें एक चित्र उभें राहतें : सरोवराच्या कांठीं एक लहानशी मोटारगाडी, तिच्या उघड्या दारांत बसलेली आई आणि समोर गवतावर रांगणारें मूल. बिछाना, चूल, पाण्याची टांकी आणि कपाट हीं सर्व पोटांत घेऊन धांवणाऱ्या या गाडीला ‘कँपर व्हॅन’ म्हणतात. हें स्वप्न कोठून आलें, तें प्रत्यक्षांत आणतांना कोणते हिशेब मांडावे लागतात आणि त्यांतील खरें मोल कशाचें, हें पाहण्याजोगें आहे.

या स्वप्नाला जर्मनींत कायद्याचाही आधार आहे. मूल झाल्यावर आई व बाप या दोघांनाही नोकरी न गमावतां प्रत्येकीं तीन वर्षांपर्यंत बिनपगारी रजा घेतां येते. शिवाय १ जानेवारी २००७ पासून तेथें ‘एल्टर्नगेल्ड’ म्हणजे पालकभत्ता सुरू झाला. तो पूर्वीच्या मिळकतीच्या मानानें ठरतो. दरमहा कमींत कमी ३०० आणि जास्तींत जास्त १,८०० युरो मिळतात. दोघांनीं वांटून घेतल्यास एकूण चौदा महिने तो मिळतो. म्हणून पुष्कळ जोडपीं याच काळांत प्रवासाचा बेत करतात. परंतु १ एप्रिल २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठीं नियम बदलला. मुलाच्या पहिल्या वर्षांत दोघांनीं एकाच वेळीं हा मूळ भत्ता घेण्याची मुभा आतां साधारणतः एकाच महिन्यापुरती आहे; जुळीं मुलें किंवा अपुऱ्या दिवसांचें मूल असल्यास सवलत मिळते. स्वप्न वर्षभराचें असलें, तरी दोघांना भत्त्यासह एकत्र मिळणारा काळ महिन्याभराचा, हा पहिला हिशेब होय.

जर्मनींत चाकांवरच्या घराचा जन्मच मुळीं ताटातूट टाळण्याच्या इच्छेंतून झाला. दक्षिणेकडील ईस्नी या गांवीं आरिस्ट डेथलेफ्स नांवाचे गृहस्थ राहत. चाबूक व स्कीच्या काठ्या करणाऱ्या कारखान्याच्या कामानें ते वारंवार फिरतीवर असत. त्यांची वाग्दत्त वधू फ्रीडेल एडेलमान ही चित्रकार होती. दोघांना बरोबर हिंडतां येईल आणि तिला चित्रेंही काढतां येतील अशी, जिप्सींच्या गाडीसारखी एखादी गाडी असावी, अशी इच्छा तिनें बोलून दाखविली. त्यावरून १९३१ सालीं डेथलेफ्स यांनीं मोटारीच्या मागें जोडावयाचें चाकांवरचें घर स्वतः बांधलें. पुढें त्यांची कन्या उर्सुला हीही आईबापांबरोबर त्यांतून प्रवास करूं लागली.

घर आणि मोटार एकाच सांगाड्यांत सामान्य कुटुंबाला मिळण्यास आणखी वीस वर्षें लागलीं. २३ एप्रिल १९४७ रोजीं बेन पॉन या डच व्यापाऱ्यानें आपल्या टिपणवहींत पेटीच्या आकाराच्या एका मालमोटारीचें रेखाचित्र काढलें. त्या कल्पनेवरून फोक्सवागेन कारखान्यानें मार्च १९५० मध्यें ‘ट्रान्सपोर्टर’ गाडी बनविण्यास प्रारंभ केला. पुढच्याच वर्षीं वेस्टफालिया कंपनीनें तींत ठेवण्याजोगें बिछान्याचें व कपाटाचें सुटें सामान तयार केलें. आठवडाभर माल वाहणारी गाडी सुटीच्या दिवशीं घर होऊं लागली.

आतां दुसरा हिशेब वजनाचा. जर्मनींतील तरुण पालकाजवळ बहुधा ‘ब’ वर्गाचा परवाना असतो. त्यावर मालासह ३,५०० किलोपर्यंत वजनाचीच गाडी चालवितां येते. उदाहरणादाखल, मोठ्या गाडीचें रिकामें वजन ३,००० किलो धरूं. उरले ५०० किलो. दोन मोठीं माणसें १४० किलो, बाळ व त्याची बैठक २० किलो, शंभर लिटर पाणी म्हणजे १०० किलो, गॅसच्या दोन भरलेल्या टांक्या सुमारें ४५ किलो. एवढ्यांतच ३०५ किलो खर्ची पडले. उरलेल्या १९५ किलोंत बाबागाडी, सायकली, भांडीं, अन्न, कपडे आणि बाळाच्या लंगोटांचे गठ्ठे बसवावयाचे. भार मर्यादेबाहेर गेला, तर दंड होतो हें खरें. पण त्याहून मोठी गोष्ट ही, कीं अवजड गाडी ब्रेक दाबल्यावर उशिरां थांबते.

तिसरा हिशेब बाळाच्या शरीराचा, आणि तो चुकवून चालत नाहीं. जर्मनींत बारा वर्षांखालील व १५० सेंटिमीटरांहून कमी उंचीच्या मुलाला मोटारींत विशेष बैठक सक्तीची आहे. नव्या युरोपीय मानकाप्रमाणें पंधरा महिन्यांपर्यंत मुलाचें तोंड गाडीच्या मागच्या बाजूस असावें लागतें. कारण अचानक गाडी थांबली, तर लहान मुलाचें जड डोकें कोंवळ्या मानेला पुढें खेंचतें. पाठमोऱ्या बैठकींत तोच भार सबंध पाठीवर विभागला जातो. कित्येक गाड्यांतील आडव्या बांकांवर ही बैठक बसवितां येत नाहीं. म्हणून बिछाना किती मऊ आहे हें पाहण्याआधीं पट्ट्यांची योग्य आसनें किती, हें मोजावें. तान्ह्या मुलाला अर्धवट बसत्या स्थितींत फार वेळ ठेवणें श्वासाला बाधक होऊं शकतें, म्हणून सुमारें दोन तासांनीं थांबून त्याला बाहेर काढावें, असा सल्ला देण्यांत येतो. जें जोडपें एरवीं दिवसांत सहाशें किलोमीटर तोडीत असे, त्यानें आतां दोनशेंत समाधान मानणें शहाणपणाचें.

रात्रीं आणखी एक धोका असतो. चांगल्या गाडींतील ऊब देणारें यंत्र बाहेरची हवा घेऊन धूरही बाहेरच सोडतें. पण स्वयंपाकाची शेगडी आंतलीच हवा जाळते. हवा अपुरी पडली, कीं कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो रक्तांतील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट बळानें चिकटतो. म्हणून शेगडीचा उपयोग उबेसाठीं कधीं करूं नये, कोळशाची शेगडी आंत आणूं नये, हवेची भोकें बुजवूं नयेत आणि या वायूची सूचना देणारी घंटा अवश्य बसवावी. बाळाला सपाट, टणक गादीवर उताणें व वेगळें निजवावें. उन्हांत उभ्या असलेल्या बंद गाडींत तर त्याला क्षणभरही एकटें सोडूं नये. अर्ध्या तासाच्या आंतच तेथील उष्णता जीवघेणी होऊं शकते.

चौथा हिशेब पैशाचा. सुसज्ज नवी गाडी पन्नास हजार युरोंहून कमी किमतींत क्वचितच मिळते. १,८०० युरोंचा सर्वांत मोठा भत्ता धरला, तरी ही रक्कम सत्तावीस महिन्यांच्या भत्त्याहून अधिक होते. आणि भत्ता तर चौदाच महिने मिळतो. शिवाय वाटेल त्या सरोवराकांठीं मुक्काम करण्याची मोकळीकही चित्रांत दिसते तेवढी नसते. जर्मनींत सार्वजनिक वाहनतळावर चालकाचा थकवा जाण्यापुरतें निजतां येतें; पण खुर्च्या मांडून संसार थाटला, कीं तो तळ ठोकणें ठरतो. स्वीडनमध्यें कोणालाही रानावनांत फिरण्याचा परंपरागत हक्क आहे, परंतु तो पायीं जाणाऱ्याचा; रस्ता सोडून मोटार रानांत घालण्यास तेथेंही बंदी आहे. या सर्वांचा अनुभव येण्यास गाडी विकत घेण्याची गरज नाहीं. मे किंवा सप्टेंबर महिन्यांत आठवडाभर ती भाड्यानें घ्यावी. दोन पावलांच्या जागेंत स्वयंपाक, दूध, आंघोळ, ओले कपडे आणि पावसाचा दिवस, हें सारें कसें पार पडतें, आणि काम दोघांत वांटलें जातें कीं आईवरच पडतें, हें तेवढ्यांत कळून येतें.

यावर कोणी विचारील, मग हा खटाटोप करावाच कशाला? नवजात बालकाला वीसतीस सेंटिमीटरांपलीकडचें नीट दिसत नाहीं; त्याला आल्प्स पर्वत आणि घरची भिंत सारखींच. मोठेपणीं पहिल्या दोन वर्षांची आठवणही बहुधा उरत नाहीं. परंतु त्या वीसतीस सेंटिमीटरांत आईबापाचा चेहरा येतो, आणि तो दिवसभर जवळ असावा हीच या स्वप्नाची खरी मागणी आहे. फ्रीडेल एडेलमाननें गाडी मागितली, ती बरोबर राहतां यावें म्हणून. आपल्या पहिल्या महिन्याभराच्या प्रवासांत जो बाप बाळाला न्हाऊं घालणें, निजविणें, रडण्याचें कारण ओळखणें हीं कामें हातीं घेतो, त्याचें स्वप्न गाडी भाड्याची असली तरी पुरें झालें. जो तीं कामें पत्नीवर टाकून वाटेंतील देखाव्यांचीं छायाचित्रें घेत बसतो, त्यानें लाख युरोंची गाडी घेतली, तरी त्याच्या मुलाच्या वांट्याला बाप पूर्वीइतकाच येतो.