कुरुळीच्या उन्हाधुळीत गॅलॅक्सी एस२४ अल्ट्रा

जानेवारी २०२४ मध्ये आलेला सॅमसंगचा हा फोन मला सगळ्यात जास्त आवडतो तो काचेमुळे. कुरुळीत पुणे-नाशिक हायवेलगत भर दुपारी कंपनीच्या बसची वाट बघताना स्क्रीन वाचता यायला हवी. २६०० निट्सपर्यंतचा उजेड आहेच, पण खरी कमाल गोरिला आर्मर काचेची. आभाळाचं प्रतिबिंब ती बरंच कमी करते.

या फोनचं आयपी६८ रेटिंग मात्र नीट समजून घ्या, मंडळी. ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही. ८ म्हणजे पाण्यात बुडाला तरी टिकतो, या फोनसाठी दीड मीटर खोल, ३० मिनिटं. पण ही चाचणी गोड्या पाण्यातली! मशीन शॉपमधलं कूलंट, कटिंग ऑइल त्यात धरलेलं नाही. सीएनसीवर काम करणाऱ्यांनी फोन लॉकरमध्येच ठेवावा.

२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा एरवी १६ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो. कमी उजेडात तेच चांगलं. स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ प्रोसेसरचा वेग भरपूर. २०२४ मध्ये सुरुवातीची किंमत १,२९,९९९ रुपये होती, तरीही बॉक्समध्ये चार्जर नाही, हे पटत नाही. अपडेट्स मात्र २०२४ पासून सात वर्षं मिळणार आहेत, त्यामुळे जुना घेतलात तरी चालेल. फक्त बॅटरी तपासून घ्या.