हायपो : गंधकाच्या एका लवणाची कामगिरी

कृष्णाकाठच्या माणसाला गंधक परके नाही. तासगावच्या द्राक्षबागांत भुरीचा बंदोबस्त करण्यासाठी ते वेलींवर धुरळतात, बेदाण्याच्या शेडमध्ये त्याची धुरी देतात. आणि सांगली-साताऱ्याकडील साखर कारखान्यांत उसाच्या रसात चुन्याचे दूध सोडून त्यातून जळत्या गंधकाचा वायू खेळविला, म्हणजे चुना व गंधक यांच्या संयोगातून जो साका तयार होतो तो रसातील मळ बरोबर घेऊन तळाशी बसतो. चुन्यातील कॅल्शियमशी गंधकाचा असा जुना संबंध असल्यामुळे, मानवी रक्तवाहिन्यांत साचणाऱ्या कॅल्शियमवरही गंधकाच्या एखाद्या संयुगाचा इलाज चालावा ही कल्पना आपल्याकडे तरी चमत्कारिक वाटू नये. फरक एवढाच की, कारखान्यात कॅल्शियम खाली बसवावयाचे असते आणि शरीरात त्याला बसू द्यावयाचे नसते.

ज्याच्यावर ही कामगिरी सोपविण्यात आली त्या लवणाचे नाव सोडियम थायोसल्फेट. छायाचित्रकारांच्या अंधाऱ्या खोलीत मात्र ते ‘हायपो’ म्हणूनच नांदले. चांदीची लवणे त्यात विरघळतात हे शास्त्रज्ञ जॉन हर्शेल याने १८१९ साली दाखविले, आणि वीस वर्षांनी त्याच गुणाच्या बळावर कागदावरील छायाचित्र टिकाऊ झाले. त्याचे काचेसारखे स्वच्छ स्फटिक पाण्यात ढवळले की बरणी हाताला गार लागते, कारण विरघळताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतात. पुढे सायनाइडच्या विषावरील उतारा म्हणूनही वैद्यकाच्या दप्तरी त्याची नोंद झाली.

आता रक्तवाहिन्यांत साचणाऱ्या कॅल्शियमकडे वळू. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तात फॉस्फरस साठतो, आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतील स्नायुपेशी आपला धर्म सोडून अस्थिपेशींसारख्या वागू लागतात. लवचिक असावयाची नळी हळूहळू चुनखडीसारखी कठीण होत जाते. याचे सर्वांत दारुण रूप म्हणजे कॅल्सिफिलॅक्सिस. त्यात त्वचेखालील सूक्ष्म वाहिन्या बुजतात, कातडी काळी पडून व्रण होतात आणि वेदना असह्य असतात. अशा एका रुग्णाला थायोसल्फेटने आराम पडल्याचे वृत्त २००४ साली प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून डायलिसिसच्या अखेरच्या तासात, आठवड्यातून तीनदा, साधारणतः २५ ग्रॅम औषध शिरेतून देण्याचा प्रघात पडला.

हे औषध काम कसे करते याविषयी मतभेद आहेत. कॅल्शियमशी संयोग पावून ते विद्राव्य लवण बनविते, असे प्रथम मानले गेले. प्रयोगशाळेतील पुढील कामाने त्या उपपत्तीबद्दल शंका उपस्थित केली, आणि ऑक्सिडीकरणाला पायबंद घालण्याचा व वाहिन्या रुंदावण्याचा त्याचा गुण पुढे आला. उंदरांच्या रक्तवाहिन्या त्याने वाचविल्या खऱ्या, परंतु त्यांची हाडेही दुबळी केली. माणसांत मळमळ, वांती आणि रक्तातील आम्लता वाढणे हे त्याचे उपद्रव आहेत. आणि अनेक रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या असता निःसंशय लाभ दिसून आलेला नाही. माझे मत असे की, संकटसमयी जाणत्या वैद्याने हाती घ्यावे असे हे औषध आहे. वाहिन्यांचे सर्वसाधारण रक्षक ही सनद त्याला देण्याची वेळ अजून आलेली नाही.

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ साली उभे राहिले, तेव्हापासून दूरदूरचे रोगी या मुलखाकडे येत आहेत. आज जत, आटपाडी, माण, खटाव येथील कित्येक कुटुंबांचे दिवस डायलिसिसच्या पाळीभोवती फिरतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे : गंधकाचे नाव ऐकून त्याची चूर्णे किंवा गंधकयुक्त लसणाच्या गोळ्या परस्पर सुरू करू नका, डायलिसिसची पाळी चुकवू नका, फॉस्फरस आवरणारी गोळी सांगितली असेल तर ती जेवणाबरोबरच घ्या, आणि कातडीवर दुखरा, काळसर डाग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.