सांध्यावर छोटी गाडी का अडते?

आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यात मुकुटबन हे स्थानक आहे. कोळसा आणि सिमेंटच्या या पट्ट्यात मालगाड्यांची ये-जा असते. अशा एकेरी मार्गावर एक गाडी बाजूला घेऊन दुसरीला वाट द्यायची, तर बाजूच्या रुळाच्या दोन्ही टोकांना सांधे हवेतच. एखाद्या हौशी माणसाने अशा स्थानकाची प्रतिकृती घरात उभारायची ठरवली, तर फलाट आणि डबे यांपेक्षा अधिक काळ त्याचा या सांध्यांच्या तारा जोडण्यातच जातो.

मराठी वाचकाला छोट्या गाड्यांचे हे विश्व नवे नाही. भाऊ जोशी यांनी पुण्यात कोथरूडला उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये खुले झाले. तेथील १:८७ हे प्रमाण ‘एचओ’ नावाने जगभर रूढ आहे. या हिशेबाने भारतीय रेल्वेचा सुमारे ४० मीटर लांबीचा ‘एकास बारा’ सांधा ४६ सेंटिमीटरांचा होतो आणि मालगाडी मावेल असा ७०० मीटरचा बाजूचा रूळ आठ मीटरचा! शहरातील दिवाणखान्यात तो मावणे कठीण. त्यामुळे लांबी कमी करण्यावाचून गत्यंतर नसते.

खरी अडचण विजेची आहे. जुन्या पद्धतीत रुळांना जितका दाब द्यावा, तितका इंजिनाचा वेग. ‘डीसीसी’ या डिजिटल पद्धतीत रुळांत सतत १४-१५ व्होल्ट खेळत असतात आणि आदेशही त्याच विजेतून जातात. विजेची दिशा ५८ मायक्रोसेकंदांनी उलटली तर ‘एक’, १०० किंवा अधिक मायक्रोसेकंदांनी उलटली तर ‘शून्य’, अशी ही लिपी इंजिनातील डिकोडर वाचतो. सांध्यांनाही असेच क्रमांक देता येतात. एका यंत्रणेत तब्बल २०४४.

सांध्यात दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात, तिथला टोकदार तुकडा म्हणजे ‘फ्रॉग’. (घोड्याच्या खुराच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी भागावरून हे नाव पडले, असे मानतात.) गाडी सरळ जाते तेव्हा हा तुकडा एका बाजूच्या रुळाचा भाग असतो, वळते तेव्हा दुसऱ्या बाजूच्या. म्हणजेच सांधा बदलला की त्याची ध्रुवताही बदलायला हवी. जुन्या सांध्यांत हे काम सरकते पाते बाजूच्या रुळाला टेकून करी. तिथे धूळ बसली की संपर्क तुटे. शिवाय चाकाची आतली बाजू उघड्या पात्याला घासली, तर क्षणभर शॉर्टसर्किट होई. जुन्या पद्धतीत एवढ्याने ठिणगी उडे आणि गाडी गचका खाऊन पुढे जाई. डिजिटल यंत्रणा मात्र ते क्षणार्धात ओळखून सारा पुरवठाच तोडते. एका चाकाच्या स्पर्शाने घरातली सगळी रेल्वे ठप्प!

यावरचा उपाय सोपा आहे, पण तो रूळ ठोकण्यापूर्वीच करावा लागतो. प्रत्येक पाते त्याच्या शेजारच्या बाहेरील रुळाला तारेने कायमचे जोडायचे. त्यामुळे उघड्या पात्याला चाक लागले तरी बिघडत नाही. मग फ्रॉगच्या पुढे-मागे रूळ विजेच्या दृष्टीने तोडून प्लास्टिकचे जोड घालायचे आणि त्या एकाकी तुकड्याला सांधा हलवणाऱ्या मोटरवरच्या स्विचमधून वीज द्यायची. सांधा हलला की ध्रुवता आपोआप बदलते. दोन वेटोळ्यांची झटक्याने चालणारी मोटर स्वस्त असते. परंतु तिला क्षणभराहून अधिक वीज मिळाली तर ती जळते. सावकाश सरकणारी मोटर किंवा छोटा सर्व्हो अधिक भरवशाचा.

हौशी मंडळी हमखास विसरतात ती गोष्ट वेगळीच. सांध्याच्या डिकोडरला वीज रुळांतूनच दिली आणि गाडी चुकीच्या बाजूला लावलेल्या सांध्यावर शिरली, तर शॉर्टसर्किट होते, पुरवठा तुटतो. आणि मग तो सांधा बदलण्याचा आदेशही पोहोचत नाही. गाडी हाताने उचलण्यावाचून मार्ग उरत नाही. म्हणून सांध्यांचा पुरवठा वेगळा ठेवून रूळ स्वतंत्र सर्किट ब्रेकरमागे घालावेत.

खऱ्या रेल्वेत पाते पूर्ण बसल्याची खूण परत आल्याशिवाय सिग्नल मिळत नाही. घरगुती यंत्रणा बहुधा आदेश देऊन मोकळी होते. सांधा खरोखर हलला की नाही, हे कळण्यासाठी निराळे स्विच बसवावे लागतात.

तारा जोडून झाल्यावर रुपयाचे नाणे दोन्ही रुळांवर आडवे ठेवावे. पुरवठा तत्काळ तुटला तर जोडणी ठीक. नाणे नुसतेच तापू लागले तर ते लगेच बाजूला करावे. तिथल्या तारा बारीक आहेत किंवा सांधणी कच्ची आहे. मार्गावर दर दोन-तीन फुटांवर आणि प्रत्येक सांध्यापलीकडे ही चाचणी पुन्हा करावी लागते.