दुर्बिणीची शिदोरी



दुर्बिणीला वीज कशाला लागते, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो आणि तो अगदी रास्त आहे. भिंगाला वीज लागत नाही, आरशालाही लागत नाही. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चंद्र पाहिले, ते नळीत बसविलेल्या दोन भिंगांतून. मग आज आम्ही साक्रीकडच्या माळावर दुर्बीण नेतो, तेव्हा तिच्याबरोबर बॅटरीचे जड खोके का वाहून नेतो?

याचे कारण दुर्बिणीत नाही, पृथ्वीत आहे. पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंशांनी, म्हणजे चार मिनिटांत एका अंशाने सरकताना दिसते. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी सुमारे अर्धा अंश. तेव्हा दर दोन मिनिटांनी तो आपल्या रुंदीइतका पुढे जातो. नुसत्या डोळ्यांना हे जाणवत नाही. परंतु शंभरपट मोठे दाखविणाऱ्या दुर्बिणीत एका वेळी आकाशाचा जेमतेम अर्धा अंश मावतो. नेमका मध्यावर आणून ठेवलेला गुरू मिनिटभरात काठाशी जातो आणि नाहीसा होतो. एकटा पाहणारा असला तर तो नळी हलकेच ढकलून घेतो. त्यात एक प्रकारची मौजही आहे. पण मागे साठ माणसांची रांग उभी असली आणि तिच्यात आयुष्यात प्रथमच दुर्बिणीला डोळा लावणारी मुले व म्हातारी माणसे असली, म्हणजे हे ढकलणे जमत नाही. पहिल्याला दिसते, दुसऱ्याला अर्धेमुर्धे दिसते, तिसरा नुसता अंधार पाहून "हो, दिसला" असे भिडेखातर सांगतो आणि बाजूला होतो.

यावर तोड एकच. दुर्बिणीच्या बैठकीचा आस ध्रुवाकडे रोखावयाचा (आपल्या जळगाव-धुळ्याला ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे २१ अंश वर असतो) आणि त्या आसाभोवती दुर्बीण पृथ्वीच्या उलट दिशेने २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा या गतीने फिरवीत राहावयाची. हे फिरविणारे कोण, एवढाच प्रश्न उरतो. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला तळ देऊन बसले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळीही तेथेच आली होती. खग्रास स्थिती टिकणार सुमारे दोन मिनिटे. त्या काळी दुर्बिणीला गती देण्याचे काम घड्याळी यंत्राकडे असे. दोरीला टांगलेले वजन हळूहळू खाली उतरे, त्याच्या ओढीने चाके फिरत आणि वेग फाजील वाढू नये म्हणून नियामक बसविलेला असे. वजन तळाला पोचले की माणसाने ते पुन्हा वर गुंडाळावयाचे. त्या यंत्राची बॅटरी म्हणजे माणसाचा दंडच होता म्हणा ना!

कोणीही न फिरविता फिरत राहणारे यंत्र असावे, ही हौस फार जुनी आहे आणि ती आपल्या खानदेशाला परकी नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. त्याच भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीच्या यंत्राध्यायात एक स्वयंवह यंत्र वर्णिले आहे. चाकाला पोकळ आरे बसवावेत, त्यांत अर्धवट पारा भरावा, म्हणजे पारा एका बाजूला सरकत राहून चाक आपोआप फिरेल, अशी ती कल्पना. असे चाक फिरत राहत नाही, हे ऊर्जेचा नियम कळलेल्या आजच्या शाळकरी मुलालाही सांगता येईल. पण आकाशाच्या गतीशी यंत्राची गती जुळवावी, ही ओढ ज्याला होती त्याच्या चाकाला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपण त्या चाकात पाऱ्याऐवजी बॅटरी घातली, इतकेच.

ही बॅटरी ऐन वेळी कशी दगा देते, ते मी २०२३ च्या डिसेंबरात साक्री तालुक्यातल्या एका गावी अनुभवले. गुरू चांगला वर आला होता, थंडी मी म्हणत होती. निघण्यापूर्वी घरी मीटर लावून पाहिले होते, १२.७ व्होल्ट, म्हणजे भरलेली. चाळीसेक माणसे पाहून झाली आणि बैठकीची मोटर कुरकुरली, दिवा मंदावला, दुर्बीण थांबली. रांगेच्या शेवटी एक आजी घोंगडी पांघरून बसल्या होत्या. त्या मधूनमधून विचारीत होत्या, "मना नंबर कव्हय येई?" तो आला नाही. त्याच तालुक्यात शिवाजीनगरला दिवसभर उन्हातून वीज काढणारा महानिर्मितीचा मोठा प्रकल्प आहे, आणि मी रात्री नऊ वाजता बारा व्होल्टांसाठी हात चोळीत उभा!

चूक सर्वस्वी माझी होती. बॅटरीवर काही भार नसताना मोजलेले व्होल्ट म्हणजे दारात उभ्या असलेल्या पाहुण्याने "जेवून आलो" म्हणावे तसे. त्यावर विश्वास ठेवू नये. मोटर किंवा मोटारीचा छोटा बल्ब जोडून पाच-दहा मिनिटांनी मोजावे. तेव्हा आकडा भराभर उतरू लागला तर बॅटरी आतून म्हातारी झाली असे समजावे. माझी झालीच होती. पावसाळ्याचे चार महिने आकाश झाकलेले, दुर्बीण कपाटात आणि बॅटरी अर्धी रिकामी माळ्यावर. १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच संशोधकाने शोधलेली ही शिसे-आम्लाची बॅटरी रिकामी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि मग ती पूर्वीइतकी भरतच नाही. त्यात आमचा उन्हाळा! जळगावचा मे महिना ४५ अंशांना टेकतो, आणि स्थूलमानाने दर दहा अंश उष्णतेला अशा बॅटरीचे आयुष्य निम्मे होते.

आता हिशेब. मोटर आकाशाबरोबर सावकाश चालते तेव्हा सुमारे अर्धा अ‍ॅम्पिअर घेते. पाच तासांचे अडीच अ‍ॅम्पिअर-तास झाले. एका ताऱ्यावरून दुसऱ्याकडे झपाट्याने वळताना ती दोन-अडीच अ‍ॅम्पिअर ओढते, पण एकंदर अर्ध्या तासापुरतीच. एक अ‍ॅम्पिअर-तास धरा. खरा खादाड निराळाच असतो. कार्तिकात तापीकाठच्या रानात दव असे पडते की काच तासाभरात आंधळी होते. ते टाळण्यासाठी भिंगाभोवती गुंडाळावयाचा गरम पट्टा एकटाच तासाला एक, म्हणजे रात्रीचे पाच अ‍ॅम्पिअर-तास खातो. बेरीज साडेआठ. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केली तर लवकर मरते; म्हणून दुप्पट, सतरा. बाजारात अठराची मिळते, ती घ्यावी. कापसावर फवारणी करणाऱ्या पाठीवरच्या पंपात असते ती बारा व्होल्ट, आठ अ‍ॅम्पिअर-तासांची. शेतकऱ्याकडून ती उसनी मिळू शकते आणि पट्टा वगळला तर तिच्यावर रात्र निघते. पट्ट्याऐवजी काळ्या पुठ्ठ्याची हातभर नळी दुर्बिणीच्या तोंडाला पुढे बसविली तर दव पुष्कळ लांबते, आणि पुठ्ठा वीज खात नाही.

मोबाईल भरण्याच्या खोक्यावर वीस हजार असा आकडा पाहून पुष्कळजण फसतात. तो मिलिअ‍ॅम्पिअर-तासांचा आणि आतल्या ३.७ व्होल्टांचा असतो. वॉटमध्ये मांडले तर ७४ वॉट-तास. बारा व्होल्टांवर सहा अ‍ॅम्पिअर-तास, त्यातूनही थोडी गळती. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी उचलतानाच कंबर जाते. जीपच्या बॅटरीचा मोह तर टाळावाच. ती इंजिनाला एक जोरकस धक्का देण्यासाठी घडविलेली असते, रात्रभर झिरपण्यासाठी नव्हे. शिवाय ती संपली तर पहाटे जीप कशी सुरू करणार?

नव्या काळाची वस्तू म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट. तिच्यातील मूळ द्रव्याचा शोध १९९७ साली टेक्सास विद्यापीठातून जाहीर झाला. जॉन गुडइनफ यांच्या त्या कामात अक्षय पाढी हे भारतीय संशोधक होते. गुडइनफ यांना पुढे २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल लिथियम बॅटरीच्या कार्यासाठी विभागून मिळाले. ही बॅटरी ऐंशी टक्के रिकामी केली तरी तक्रार करीत नाही, म्हणून आपल्या हिशेबाला बारा अ‍ॅम्पिअर-तासांची पुरते आणि ओझेही निम्म्याहून कमी होते. किंमत मात्र अधिक.

तारेकडे कोणी लक्ष देत नाही. बॅटरी पाच मीटर दूर ठेवून अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक तार ओढली, तर जाऊन-येऊन दहा मीटर तांब्यात तीन अ‍ॅम्पिअरला एक व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. बॅटरी बाराची, मोटरीला पोचतात अकरा, आणि वळता वळता ती अडखळते. आपण मात्र बॅटरीला दोष देतो. तेव्हा बॅटरी तिवईच्या पायाशी, तार जाड, धन टोकापाशी फ्यूज. अंधारात धन-ऋण उलटे जोडले तर आतील मंडल क्षणात जळते. तेव्हा उलट बसणारच नाही अशी पिन करून घ्यावी.

आता मी घरी परतल्यावर त्याच रात्री बॅटरी भरावयास लावतो आणि आषाढ-श्रावणातही महिन्यातून एकदा भरतो. पुढच्या हिवाळ्यात त्याच गावी अठराची नवी बॅटरी आणि फवारणीच्या पंपाची एक उसनी, अशा दोन घेऊन गेलो. आजींना रांगेत प्रथम उभे केले. त्यांनी बराच वेळ डोळा लावून पाहिले, गुरूजवळचे ठिपके बोटांवर मोजले आणि तीन भरले. चौथा त्या वेळी गुरूच्या आड होता.