चंद्रकळेवरचा हत्ती

आज मी एका पातेल्यापासून सुरुवात करणार आहे. आमच्या घरात स्टीलचं एक मोठं पातेलं आहे. सणावाराला त्यात आमटी होते. हे पातेलं दारावर आलेल्या बोहारणीकडून घेतलं, आणि त्याच्या बदल्यात दोन जुन्या पँटी, एक फाटकी चादर आणि आजेसासूंची चंद्रकळा दिली. कोणी दिली म्हणाल, तर मीच. लग्न होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. साडी काळी, घडीवर विरलेली. मला वाटलं, हिचं आता काय करायचं?

आजेसासू धारवाडकडच्या. घरात सगळे त्यांना अज्जी म्हणायचे. त्या काळ्या साडीच्या पदराजवळ लाल, पिवळ्या, हिरव्या धाग्यांनी हत्ती होते, तुळस होती, मोर होते. त्या कामाला कसुती म्हणतात. कानडीत कै म्हणजे हात आणि सूत तर आपलंच, म्हणजे हातानं केलेलं सुताचं काम. धारवाड, हुबळी, बेळगाव, विजापूर या पट्ट्यातल्या बाया पिढ्यान् पिढ्या हे काम करत आल्या. आपण जी इरकल नेसतो तिच्यावरच ते जास्त करून असायचं. नवरीला कसुती केलेली काळी साडी द्यायची तिकडे रीत होती. तिला ते चंद्रकाळी म्हणतात, आपल्याकडे संक्रांतीला नेसतो ती चंद्रकळा. बाळाच्या कुंचीवरही ही नक्षी काढायच्या.

आता त्या नक्षीतली झाडं आणि जनावरं काय सांगतात ते बघू. पण आधी टाका समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

कसुतीत कापडावर पेन्सिलीनं काही काढत नाहीत, छापही मारत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि सुई घालायची. टाके चार. पहिला गवंती. कानडीत गंटु म्हणजे गाठ, त्यावरून हे नाव आलं, आणि गंमत अशी की या कामात गाठ मारायचीच नाही. गवंती हा आपल्या धावदोऱ्यासारखा असतो. जाताना चार धागे वर, चार धागे खाली असं समजा. मधे मधे रिकाम्या जागा राहतात. परत येताना त्याच वाटेनं यायचं आणि त्या जागा भरायच्या. मग कापड उलटं केलं तरी नक्षी तीच दिसते. दुसरा मुर्गी, तोही तसाच, फक्त पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाणारा. तिसरा नेगी, विणल्यासारखा दिसणारा लांब-आखूड धावदोरा. आणि चौथा मेंथी, म्हणजे आपला फुलीचा टाका. मेथीच्या दाण्यासारखा दिसतो म्हणून मेंथी. म्हणजे नक्षीत झाड यायच्या आधी टाक्याच्या नावातच मेथी येऊन बसली!

यात एक धागा चुकला की हत्तीचा पाय जमिनीला टेकत नाही. मग उसवायचं. अज्जी माझं उसवून द्यायच्या आणि कानडीत काहीतरी पुटपुटायच्या. ते काय होतं हे मी कधी विचारलं नाही, बरंच झालं.

मोजून घातलेल्या टाक्यात गोल येत नाही. उभी रेघ, आडवी रेघ, तिरकी रेघ, बस्स. म्हणून कसुतीतलं कमळ चौकोनी चांदणीसारखं असतं आणि मोराचा पिसारा जिन्यासारखा उतरतो. तुळशीवृंदावन मात्र इतकं चपखल बसतं की जणू या टाक्यासाठीच ते बांधलंय. कट्टा, पायऱ्या, वर डेरेदार झाड. देवळाचं गोपुर आणि रथही तसेच. सगळ्यात जास्त दिसणाऱ्या नक्ष्या याच आहेत आणि त्याचं अर्धं कारण टाक्यात आहे, असं मला वाटतं. उरलेलं अर्धं अंगणात. रोज सकाळी बाईनं पाणी घालायचं ते झाड तुळस. त्या पूजेला भटजी लागत नाही, दक्षिणा लागत नाही. कार्तिकात तिचं लग्न लागतं आणि त्यानंतर घरातल्या मुलींच्या लग्नांची बोलणी सुरू होतात. तर नवरीच्या साडीवर तुळस का, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता हत्ती. बाजारात कसुतीच्या वस्तूला चिठ्ठी लावलेली असते, ‘हत्ती म्हणजे शक्ती’. चूक नाही, पण एवढ्यावर भागत नाही. कसुतीतल्या हत्तीच्या पाठीवर बहुतेक वेळा अंबारी असते. अंबारीचा हत्ती म्हणजे दसऱ्याची मिरवणूक. हंपीला विजयनगरच्या राजांचा महानवमीचा दगडी चौथरा अजून उभा आहे. त्याच्यावर हत्ती, घोडे, नाचणाऱ्या बाया कोरल्या आहेत. म्हैसूरला आजही दसऱ्याला ७५० किलोची सोन्याची अंबारी निघते. पूर्वी तीत राजा बसायचा, आता चामुंडेश्वरीची मूर्ती असते.

आणि आपल्याकडे? आश्विनातच आपण भोंडला खेळतो. पाटावर हत्ती काढायचा आणि त्याच्याभोवती फेर धरायचा. सूर्य हस्त नक्षत्रात असतो, आणि या नक्षत्राच्या पावसाला आपण हत्तीचा पाऊस म्हणतो. लक्ष्मीच्या तसबिरीत दोन्ही बाजूंनी पाणी घालतात तेही हत्तीच. म्हणजे हत्तीत राजाचा थाट आहे तसं पाणीही आहे, पीक आहे. साडीवर हत्ती काढणाऱ्या बाईच्या मनात यातलं नेमकं काय होतं? मला वाटतं दोन्ही असेल. रांगोळीत कमळ काढताना आपण तरी कुठे एकच अर्थ धरून बसतो.

कमळ लक्ष्मीचं, चिखलात उगवून पाण्यानं न भिजणारं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मोर पावसाचा, आणि तिकडे कार्तिकेयाचं वाहन म्हणूनही. पोपट कामदेवाचं वाहन, म्हणून लग्नाच्या कापडावर त्याचा मान. आपल्या पैठणीवरही तो आहेच. अज्जी त्यांना कानडी नावांनीच ओळखायच्या. आने म्हणजे हत्ती, नविलु म्हणजे मोर, गिळी म्हणजे पोपट. ‘आज एक आने झाली,’ असं त्या म्हणाल्या की मला आधी पैशातला आणाच आठवायचा.

नंदीही खूप दिसतो. त्या भागात शिवाची भक्ती मोठी, हे एक. दुसरं म्हणजे बैल. ज्येष्ठी पौर्णिमेला तिकडे बैल रंगवतात, सजवतात. आपल्या सीमेवरच्या गावांत त्यालाच कर्नाटकी बेंदूर म्हणतात. नंदीच्या पाठीवर जी झूल टाक्यांनी काढलेली असते ती त्या बेंदराच्या बैलाची झूल आहे, नीट बघा.

आमच्या गटात एकदा यावरून चांगलाच वाद झाला. एक सदस्य म्हणाली, ‘बैल आहे, मोर आहे, मग म्हैस का नाही? माझं घर म्हशीवर चालतं.’ खरंच, जुन्या कसुतीत म्हैस दिसत नाही. कुत्रं नाही, मांजर नाही. वाघ-सिंहही क्वचितच. रोज जिचं शेण काढायचं, धार काढायची, ती म्हैस बाईनं कापडावर का घेतली नाही? मला सुचलं ते असं. हे कापड नवरीसाठी आणि तान्ह्या बाळासाठी होतं. तिथे शुभ तेच काढायचं, आणि म्हैस पडली यमाच्या रेड्याच्या घरातली. ती सदस्य काही पटवून घेईना. तिनं मॅटीच्या कापडावर मोजून म्हैस काढली आणि उशीच्या अभ्र्यावर लावली. तो अभ्रा विकलाही गेला. लग्नाच्या इरकलीवर मात्र ती स्वतःही म्हैस काढणार नाही, हे तिनंच कबूल केलं.

पूर्वी या नक्ष्या कागदावर नसायच्या. एका साडीवरून दुसऱ्या साडीवर जायच्या, बघून आणि मोजून. साडी गेली की नक्षी गेली. माझ्या चंद्रकळेचं तसंच झालं. हत्ती आठवतो, अंबारी आठवते. पण दोन हत्ती समोरासमोर होते आणि त्यांच्या मधे काहीतरी उभं होतं, ते दिवा होता की झाड, हे आठवेना. अज्जी तर कधीच गेल्या होत्या.

म्हणून ज्यांच्या घरात असं जुनं कापड असेल त्यांनी आधी हे करा. चौकटीची वही घ्या. कापडाची मागची बाजू उजेडात धरा, तिथे टाके मोजायला सोपे जातात. एक टाका म्हणजे वहीतल्या चौकटीची एक बाजू, अशा रेघा ओढत जा. तिरक्या टाक्याला चौकटीच्या कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ. विरलेल्या जागी अंदाजानं भरू नका, जागा रिकामी सोडा. रंग बाजूला लिहा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला त्या नक्षीचं नाव विचारा, ती कुठल्याही भाषेत सांगो, तसंच लिहून ठेवा.

गेल्या वर्षी अज्जींच्या माहेरी लग्नाला गेले होते. तिथे ट्रंकेत एक कुंची निघाली, त्यांच्या धाकट्या बहिणीनं केलेली. तिच्यावर तेच दोन हत्ती, समोरासमोर, बोटाच्या पेराएवढे. मधे तुळस होती. वृंदावनाला तीन पायऱ्या. मी जेवायचं सोडून तिथेच वही काढून मोजत बसले.