स्पंजला ‘कल्हई’ केली तर? धातूचा मुलामा दिलेल्या फोमची गोष्ट

पितळेच्या भांड्याला कल्हई करतात तेव्हा ताकद भांड्याची असते. कथलाचा थर फक्त अन्न कळकू देत नाही. धातूचा मुलामा दिलेल्या फोममध्ये उलटं घडतं. स्पंज आकार देतो, बहुतेक काम वरचा थर करतो.

गादीतला पॉलियुरेथेन फोम म्हणजे बहुतांशी हवाच. एक घनमीटर फोम साधारण 30 किलोचा. तेवढंच भरीव निकेल सुमारे 8,900 किलोचं. म्हणून धातूचे गुण हवेत, पण वजन नको, तिथे हा फोम कामाला येतो.

मुलामा चढतो कसा?

आच दाखवली तर फोम जळेल. त्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे थेट इलेक्ट्रोप्लेटिंगही होत नाही. म्हणून आधी त्यावर पॅलेडियमचे सूक्ष्म कण बसवतात. मग निकेलच्या द्रावणात बुडवला, की रासायनिक क्रियेनेच पातळ थर बसतो. आता फोम वीजवाहक झाला. नेहमीच्या प्लेटिंगने थर जाड करता येतो.

एक थर, अनेक कामं

काडी वाकते तेव्हा सर्वाधिक ताण तिच्या बाहेरच्या बाजूवर येतो. धातू नेमका तिथेच असतो, त्यामुळे थोड्या वजनात ताठपणा बराच वाढतो. धक्का बसला तर जाळी चेपत जाते आणि त्याची ऊर्जा शोषून घेते.

मायक्रोवेव्हच्या दारातली जाळी लहरी आत अडवते. तसाच वीजवाहक फोम इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या फटीत बसवून लहरींची गळती रोखतात. मात्र इथे फोम दबून पुन्हा फुगायला हवा, म्हणून थर अगदी पातळ ठेवतात.

ओतकामात मेण वितळवून काढतात, तसा आतला फोम जाळून टाकला तर निव्वळ निकेलची जाळी उरते. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये ती वापरतात. टोयोटाच्या 1997 च्या पहिल्या प्रियसमध्ये याच प्रकारची बॅटरी होती.

गोम कुठे आहे?

जाड फोमच्या गाभ्यापर्यंत प्लेटिंग सारखं पोचत नाही. बाहेर थर जाड, आत पातळ राहतो. जाड थराचा फोम एकदा चेपला की पूर्ववत होत नाही. वापरानंतर धातू आणि प्लास्टिक वेगळं करणंही किचकट.

सगळ्यात मोठा प्रश्न सांडपाण्याचा. प्लेटिंगच्या पाण्यात विरघळलेलं निकेल असतं. चुना किंवा कॉस्टिक सोडा घालून ते खाली बसवता येतं, पण उरलेला गाळही घातकच. त्याचीही नीट विल्हेवाट लावावी लागते. तो खर्च टाळला, तर निकेल नाल्यात आणि पुढे विहिरीत उतरतं. हलक्या मालाची किंमत काढताना हा खर्च धरलाय का, हे आधी विचारायला हवं.