वाग्दानाची चिठ्ठी

३१ डिसेंबरची रात्र. बंगळुरूच्या महात्मा गांधी रस्त्यावर आणि ब्रिगेड रोडवर नव्या वर्षासाठी तरुणांची झुंबड उडालेली असते, तेव्हा शहरातल्या कन्नड, तमिळ, तेलुगू चर्चमध्येही पाय ठेवायला जागा नसते. बारा वाजतात, लोक एकमेकांना शुभेच्छा देतात आणि अनेक चर्चमध्ये एक तबक फिरू लागतं. त्यात लहान लहान रंगीत चिठ्ठ्या. प्रत्येकीवर बायबलमधलं एक वचन. न बघता एक उचलायची. ते आपलं वर्षाचं वचन. कुणी ती चिठ्ठी पाकिटात ठेवतं, कुणी फ्रिजवर चिकटवतं, तर कुणी परगावी शिकणाऱ्या मुलाला तिचा फोटो पाठवतं.

कन्नड ख्रिस्ती माणूस या वचनाला ‘वाग्दान’ म्हणतो. मराठी कानाला हा शब्द क्षणभर अडवतो. आपल्याकडे वाग्दान म्हणजे मुलगी देण्याचा शब्द, लग्न पक्कं होणं. मराठी बायबल ‘वचन’ किंवा ‘अभिवचन’ म्हणतं. पण कन्नड शब्द मराठी अर्थाने ऐकला तर विषयाचं मर्म चटकन हाती येतं. वाग्दान दोन माणसांमध्ये होतं. शब्द दिलेला असतो, मुहूर्त मात्र पुढे असतो आणि मधला काळ दिलेल्या शब्दावर काढायचा असतो. ख्रिस्ती श्रद्धेतली सगळी ओढाताण या मधल्या काळातली आहे.

कारण चिठ्ठी जानेवारीत उचललेली असते, आणि मार्चमध्ये घरात कुणाच्या तरी तपासणीचा अहवाल येतो. फ्रिजवर आरोग्याचं वचन आणि टेबलावर कर्करोगाचं निदान. अशा घरात मग जो प्रश्न उठतो तो विचारायला माणसं घाबरतात: देवाने शब्द दिला होता ना?

चिठ्ठीवरच्या वचनांमध्ये यिर्मया संदेष्ट्याचं एक वचन फार लाडकं आहे. देवाच्या मनात आपल्या लोकांविषयी हिताचेच संकल्प आहेत आणि त्यांना भविष्य व आशा देण्याची त्याची इच्छा आहे, असा त्याचा आशय. चिठ्ठीवर मावत नाही ती त्याच्या मागची-पुढची हकिगत. हे वाक्य एका पत्रातलं आहे. यरुशलेमेतून बाबेलला कैद करून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मयाने ते पत्र लिहिलं. त्याच सुमारास हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा लोकांना सांगत होता की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मयाने लिहिलं, सत्तर वर्षं लागतील. तोवर तिथेच घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. वचन त्यांना होतं, पण ते पुरं होताना पाहणार होती त्यांची नातवंडं. हनन्याचं बोलणं अर्थातच अधिक गोड होतं. बायबलमध्ये मात्र तो खोटा ठरतो.

इथे नवस आणि वचन यांतला फरक मराठी वाचकाला उपयोगी पडेल. नवस माणूस देवाला बोलतो: तू हे कर, मी ते करीन. वांद्र्याच्या माऊंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळं वाहिली जातात, त्यामागे हीच भावना असते, आणि वाहणाऱ्यांमध्ये हिंदूही पुष्कळ असतात. वचनाची दिशा उलटी आहे. ते देव माणसाला देतो, आणि त्याची वेळ माणसाच्या हाती नसते.

प्रत्यक्ष जगण्यात मात्र दोन्ही एकमेकांत मिसळतात. बंगळुरूच्या शिवाजीनगरातलं सेंट मेरीज बॅसिलिका हे त्याचं मोठं ठिकाण. १८८२ च्या ८ सप्टेंबरला या चर्चचं समर्पण झालं. दरवर्षी २९ ऑगस्टला ध्वज चढतो आणि ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिवशी, साडी नेसवलेल्या मरियामातेचा रथ निघतो. तिला इथे आरोग्यमाता म्हणतात. १८९८ च्या ऑगस्टमध्ये बंगळुरूत प्लेग शिरला. हजारो माणसं दगावली, दाट पेठांतले लोक बाहेर पडले, मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहती त्या काळात वाढल्या. त्याच दिवसांत कुणी प्लेगच्या मारिअम्माची देवळं उभारली, कुणी आरोग्यमातेकडे धाव घेतली. त्या साथीत मातेने राखलं, अशी भाविकांची आठवण आजही सांगितली जाते. ही आठवण वाचलेल्यांची आहे, हे विसरू नये. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांनीही प्रार्थना केलीच होती. त्यांची आठवण कुठल्या रथावर नाही, आणि श्रद्धेविषयी प्रामाणिकपणे बोलायचं तर त्यांच्यापासून सुरुवात करावी लागते.

जानेवारी २००५ मध्ये याच शहरात जक्कूरच्या विमानतळावर अमेरिकी प्रवचनकार बेनी हिन यांचा तीन दिवसांचा प्रार्थनामेळावा झाला. प्रार्थनेने रोग बरे होतात म्हणून ख्याती असलेले हे प्रवचनकार. प्रचंड गर्दी झाली, तसा विरोधही झाला. आजारी माणूस आशेने कुठेही जाईल, त्यात त्याचा काही दोष नाही. प्रश्न पुढचा आहे. बरं होण्याची हमी देणाऱ्या कुठल्याही शिकवणीत, बरं न झालेल्याचं काय करायचं याला उत्तर नसतं. मग हळूच सांगितलं जातं, तुझा विश्वास कमी पडला. आधीच खंगलेल्या माणसावर हा आणखी एक घाव, आणि तो देवाच्या नावाने घातलेला. याहून क्रूर सांत्वन नाही.

बायबलमध्येच त्याचा निकाल लावलेला आहे. ईयोबाच्या पुस्तकाचे ४२ अध्याय आहेत. संपत्ती, मुलं, आरोग्य सगळं गमावलेला हा माणूस राखेत बसला आहे. एलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र येतात. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसतात. त्यांनी केलेली चांगली गोष्ट एवढीच. तोंड उघडल्यावर मात्र ते देवाची बाजू मांडू लागतात: तू काहीतरी पाप केलं असशील. ईयोब चिडतो, स्वतःच्या जन्माला शाप देतो, देवाला जाब विचारतो. शेवटी देव बोलतो तेव्हा ईयोबाच्या दुःखाचं कारण तो सांगत नाहीच. पण मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब. ज्याने तक्रार केली तो खरा ठरला आणि ज्यांनी देवाची वकिली केली ते चुकले. स्तोत्रसंहितेच्या १५० स्तोत्रांतही विलापाची स्तोत्रं मोठ्या संख्येने आहेत. त्यांतलं ८८वं तर अंधारातच संपतं, दिलाशाची एक ओळही न देता. तुकोबांचे विठ्ठलाशी भांडणारे अभंग ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. ज्याने शब्द दिला त्याच्याशीच भांडता येतं.

येशूच्या बारा शिष्यांतला थोमा ‘संशयी थोमा’ म्हणून जगभर ओळखला जातो. जखमांना हात लावल्याशिवाय पुनरुत्थान मानणार नाही, असं तो म्हणाला होता. भारतीय ख्रिस्ती परंपरेनुसार इ.स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर सुवार्ता घेऊन आला तो हाच. आपल्या देशातली सगळ्यात जुनी ख्रिस्ती परंपरा स्वतःचं मूळ एका संशय घेणाऱ्याशी जोडते. आणि मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती. रोजचं काम मात्र सुटलं नाही.

मराठीत या प्रश्नाशी सर्वांत खोलवर झुंजलेलं नाव पंडिता रमाबाईंचं. त्यांचा जन्म १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढीविरुद्ध जाऊन बायकोला संस्कृत शिकवलं. रमाबाई शिकल्या त्या या आईकडून. तीर्थं, पारायणं, दानधर्म करत हे कुटुंब दक्षिणेत हिंडलं. दुष्काळात होतं नव्हतं ते संपलं, आणि काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. आई गेली ती रायचूरला. स्मशान लांब आणि खांद्याला माणसं मिळेनात. शेवटी भावाबरोबर सोळा वर्षांच्या रमाबाईंनीही तिरडी उचलली. उंची कमी, त्यामुळे आपल्या बाजूचा भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. शास्त्राने सांगितलेलं सगळं केलं आणि तरीही असं झालं, हा त्यांचा पहिला हिशेब. तो जुळला नाही.

ख्रिस्ती झाल्यावर तरी शंका मिटल्या का? नाही. त्याआधीच भाऊ १८८० मध्ये गेला होता. पती बिपिन बिहारी मेधवी लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, फेब्रुवारी १८८२ मध्ये, कॉलऱ्याने गेले होते. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढची काही वर्षं त्यांनी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी आणि धर्मगुरूंशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना. भटाभिक्षुकांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं ते बिशपांचं चढवायला नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. ही पत्रं १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने पुस्तकरूपाने छापली. बाप्तिस्मा झाल्यावरही श्रद्धा आतून रुजायला आणखी आठएक वर्षं गेली, असं त्यांच्याच आत्मनिवेदनावरून दिसतं.

आणि रुजल्यावर ती दिसली ती केडगावात, रमाबाईंच्या ‘मुक्ती’ या आश्रमात. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेली बाई दुष्काळातल्या मुलींना शोधत फिरत होती. त्यांच्या कामाला अमेरिकेतल्या पाठीराख्यांच्या मंडळाने दहा वर्षं मदतीची हमी दिली होती, ती १८९८ मध्ये संपली. पुढे शेकडो पानं वाढायची होती. ठरावीक रकमेची हमी नव्हती, होता तो देवाच्या शब्दावरचा भरवसा आणि रोजचं काम: विहिरी खोदणं, शेती, विणकाम, छापखाना.

आयुष्याची शेवटची वर्षं रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकमधून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. ईयोबाचं गाऱ्हाणं आणि यिर्मयाची सत्तर वर्षं त्यांनी शब्दाशब्दाने मराठीत उतरवली. तोवर त्यांना ऐकूही नीट येत नव्हतं. मुक्तीचा कारभार पुढे एकुलती एक मुलगी मनोरमा सांभाळेल अशी सगळी तयारी होती. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई चाळिसाव्या वर्षी वारल्या. रमाबाईंनी अनुवाद सोडला नाही. तो हातावेगळा करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मुक्तीतल्याच बायकांनी खिळे जुळवलेलं ते बायबल १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडलं.